तीनदा खरवडलेली पिशवी

लग्नाला सात वर्षं झाली तरी कूस रिकामी, आणि महादेवावरचा माझा भरवसा पार विरून गेलेला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऊर्जानगरच्या क्वार्टरात आम्ही राहायचो. मी इतकी शहाणी, की गर्भपिशवी म्हणजे पाणी भरायचा पितळी गुंड, घासला की लख्ख, असं समजायची. शेजारणी म्हणायच्या, पिशवी धुऊन घे, दिवस राहतील. मी तीन वर्षांत तीन दवाखान्यांत धुऊन घेतली आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. पाळीत अंगावरून जाणं कमी होत गेलं, तर मी खूश. वाटलं, काय स्वच्छ झाली!

मग चंद्रपुरात एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्याकडे सोनोग्राफीची मशीन नुकतीच आलेली. पडद्यावर पाहून त्या म्हणाल्या, आतलं अस्तर फार पातळ आहे, गर्भ रुजायला पुरत नाही. आधी कधी पिशवी खरवडून साफ केली होती का, असं त्यांनी विचारलं. मी साळसूदपणे नाही म्हटलं. मनात ठरवलं, हिला काही जमत नाही, चौथ्यांदा जुन्यांपैकीच एका ठिकाणी धुऊन घेऊ.

भरवसा उरला नसला तरी त्याआधी सवयीनं दर्शन घ्यावं म्हणून श्रावणातल्या सोमवारी आम्ही नवराबायको मार्कंड्याच्या महादेवाला निघालो. वाटेत बस पंक्चर झाली. कडेच्या धानाच्या शेतात, बांधीत, एक म्हातारा फावड्यानं वरचा चिखल ओढून बांधावर, धुऱ्यावर थापत होता. त्याची बायको लावणीच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी हातात घेऊन त्याच्यावर तणतणत होती.

"काऊन खरवडून राह्यले जी? वरची मातीच नाई राह्यली त पऱ्हे मुळं कुठी धरतीन?"

मी रस्ता सोडून थेट बांधीच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "पाय ना बाई, याले समजतच नाई." मला तरी कुठे समजत होतं!

त्या दिवशी गाभाऱ्यात मी मूल मागितलं नाही. खरं बोलायचं बळ मागितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तिन्ही वेळचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. पुन्हा तपासलं, तर नशिबानं पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटल्या नव्हत्या. गोळ्या सुरू झाल्या, महिन्यामागून महिने त्या अस्तर पाहत राहिल्या, आणि एकदा दिवस राहिले. बाळंतपणात वार सुटेना, रक्त खूप गेलं. पण आधी सांगितलं होतं म्हणून बाई तयारीतच होत्या. लेकही वाचली, मीही.

बांधीतली ती बाई कोण, कुठल्या गावची, मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना तिला नमस्कार मात्र करते. देवापुढे रडणं मला नेहमीच सोपं गेलं. डॉक्टरीणबाईंपुढे खरं बोलले, तेव्हाच कुठे मी त्याच्या पायाशी पोचले. पाण्याचा गुंड अजून मीच घासते. त्यात काही रुजायचं नसतं.