उघडा माइक आणि सासूबाई

परदेशात आल्यावर पहिली काही वर्षं ती एका रेडिओ केंद्राच्या काचा पुसायची. पुसता पुसता पलीकडच्या निवेदकांच्या नकला करायची. हा नाकातून बोलतो, त्या दुसरीचा आवाज प्रत्येक वाक्याच्या शेवटी जिना चढतो. रविवारी सकाळी तासभर तिथे नुसती गाणी वाजत, बोलायला माणूस नसे. तिने साहेबांमागे भुणभुण लावली, "आमची माणसं इथे ढिगाने आहेत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणी नको?"

साहेब कंटाळून म्हणाले, "घे बाई तो तास. पण काचा सोडू नकोस."

माइकसमोर बसली मात्र, नि हिच्या आवाजाला कडक इस्त्री झाली. "नऽमस्कार, श्रोतेहो. आता ऐकू या, नवीन आलेल्यांसाठी भाड्याच्या खोल्या."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "झकास. आमच्या लिफ्टमधली बाईपण अशीच बोलते. दरवाजा बंद होत आहे."

श्रोत्यांचा एकही फोन येईना. जगाच्या नकला करणारीला स्वतःचा आवाज काही सापडेना.

सासूबाईंना परक्या गावात एकटं बसायची धास्ती, म्हणून त्या सोबत यायच्या आणि कोपऱ्यात विणकाम करायच्या. एका रविवारी गाणं लावताना ती माइकचा खटका खाली करायला विसरली. गाण्याच्या डोक्यावरून घरचं भांडण शहरभर गेलं.

"अगं, इतकं ताठ कशाला बोलतेस? मान आखडल्यासारखं!"

"आई, रेडिओवर असंच बोलतात."

"कोण बोलतं? आणि त्या भाड्याच्या खोलीला खिडकी नाही, ते सांगितलंस का?"

"मालकाची अब्रू काढू का आता?"

"काढ की! भाडं घेताना तो लाजतो का?"

फोन खणखणला. आता कुठे तिला वर राहिलेला खटका दिसला. रेडिओ गेला, काचाही गेल्या! पलीकडे एक बेकरीवाला होता. "ताई, ते गाणं बंद करा हो. आजींचं नीट ऐकू येत नाही."

त्या दिवसापासून कार्यक्रम सासू-सुनेचा झाला. रविवारचा तास रोजचा झाला, आणि पुढे एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत तिचं स्वतःचं केंद्र उभं राहिलं. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. खालची यंत्रं फिरू लागली की बातम्या थरथरायच्या. सासूबाई श्रोत्यांना धीर द्यायच्या, "भूकंप नाही बाबांनो, चादरी आहेत."

अलीकडे मात्र सासूबाईंना विसर पडू लागला होता. घरी दिवसदिवस गप्प बसत. माइकचा लाल दिवा लागला की तेवढ्यापुरत्या जाग्या होत. नेमक्या याच वेळी एक बडी कंपनी चालून आली. केंद्र देशभर पोचवू म्हणाली. काचा पुसायच्या दिवसांपासून हिने हेच तर स्वप्न पाहिलं होतं. अट एकच, आजी नकोत.

"त्या भरकटतात, मॅडम," कंपनीचा अधिकारी हळुवारपणे म्हणाला. त्याच्या आवाजालाही इस्त्री होती.

"आधी एकदा ऐका तर," ती म्हणाली.

तो काचेपलीकडे बसला. सुरुवात बरी झाली. मग सासूबाई मध्येच थांबल्या आणि तिच्याकडे टक लावून बघू लागल्या.

"तू कोण गं?"

रेडिओवरची शांतता म्हणजे उघडं गटार, कोण कधी पडेल नेम नाही. अधिकारी हाताने खूण करू लागला, बंद करा, गाणं लावा. तिचा हात खटक्यावर गेला. तो खाली केला की झालं, देशभर तिचाच आवाज. आणि उद्यापासून सासूबाईंसाठी हा दिवा कधीच लागणार नव्हता.

"मी... आपली सून," ती म्हणाली. भीतीने आवाज पुन्हा तसाच झाला होता, परीटघडीचा.

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मग इतकं ताठ कशाला बोलतेस?"

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. तिने खटक्यावरचा हात काढला. "सवय हो, आई. परकी माणसं ऐकतायत ना."

"ऐकू देत. खिडकीचं सांग."

अधिकाऱ्याने बॅग उचलली. दारात थांबून म्हणाला, "विचार करा, मॅडम. अशी संधी पुन्हा येत नसते."

तिने नकारार्थी मान हलवली. तो गेला, आणि लॉन्ड्रीच्या जिन्यावरून त्याचे बूट खाली उतरत गेले. बराच वेळ ती ते ऐकत राहिली. मग उघड्या माइकवर, लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे."

सासूबाई खुदकन हसल्या. "आता ही कोण आली?"