हात लागायच्या आधी

आमच्या साडूंना या जगात कोणीही पाडू शकत नाही. त्यांना पाडलं ते मी, आणि तेही स्वतः पडून. एवढं कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी पुढे काही लिहायचा मला हक्क नाही.

सेलूच्या बाजारात भाजी विकणारे हे गृहस्थ पारंपरिक जपानी जुजुत्सूचे इतके वेडे, की गिऱ्हाइकाला वांगी देतानाही कमरेत वाकून नमस्कार करतात. बँकेच्या दाराशी वाकतात, लग्नाच्या मांडवात शिरताना वाकतात. एकदा तर एसटीत चढताना वाकले आणि मागचे सगळे त्यांच्या पाठीवर आदळले. अंगातला जाड पांढरा पोशाख गादीच्या खोळीच्या कापडाचा. कोणी सहज हात मिळवला, तरी त्याचं मनगट कधी वळलं ते त्यालाही कळत नाही. पण दोनदा थापटलं, की तत्क्षणी सुटका! "थापटलं का सोडाचं. मंग तो दुश्मन असो का सासरा," हा त्यांचा कायदा. आमच्या सासऱ्यांनी तो एकदा सोफा थापटून तपासलाही आहे.

त्यांचं स्वप्न एकच: या विद्येला बळ देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची शाखा वर्धा जिल्ह्यात निघावी. आणि यंदा खरोखरच दिल्लीहून निरीक्षक येणार असं कळलं! प्रात्यक्षिक पसंत पडलं की शाखा मिळणार! साडूंनी दुकानातच कोलांटी मारली आणि ते कोबीच्या ढिगापलीकडे जाऊन उभे राहिले. आता फेकायला भरवशाचा माणूस हवा होता. मी छाती काढून पुढे झालो. कापसाच्या गंजीवर त्यांनी मला पडायला शिकवलं. रोज बजावायचे, "मी ओढीन तवाच पडजो, भाऊ. आधी नाई."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. साडूंनी पोटातून अशी आरोळी ठोकली, की माझं अवसानच गळालं. त्यांचा हात अजून वीतभर लांब होता आणि मी धाडकन गादीवर! हनुवटी छातीला, तळहात गादीवर, सगळं शिकवल्याबरहुकूम. हशा पिकला. निरीक्षक म्हणाले, "फिर से." फिर से तेच! "ये तो मिलीभगत है," म्हणत ते उठले. 'मी भ्यालो' एवढेच दोन शब्द बोलायचे होते. मी गादीची शिवण बघत बसलो. साडूंनी निघालेल्या गाडीला वाकून नमस्कार केला आणि ते मला म्हणाले, "पडला मात्र झकास."

त्या वाक्याने मला पोखरलं. बाजारात लोक त्यांना चिडवू लागले, "काऊन हो, हात न लावता पाडता म्हणे! माह्या म्हशीले पाडून दाखवा न!" साडू हसून वांगी तोलत राहिले.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी भर गर्दीत त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओरडलो, "भाऊजी खरे हायेत! भेलो मी होतो. मीच आधी पडलो. आता फेका मले!"

त्यांनी तराजू खाली ठेवला. वाकले. मीही वाकलो. मग आभाळ, टोमॅटोच्या टोपल्या, पुन्हा आभाळ, आणि मी फुलकोबीच्या पाल्यात! या वेळी हात लागल्यावर! अख्ख्या बाजाराने टाळ्या पिटल्या. ज्यांनी हे बघायला हवं होतं, ते निरीक्षक मात्र दिल्लीत होते. शाखा अजून आलेली नाही.

माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. "माफ करा, भाऊजी," म्हणत मी जमीन थापटली. दुसऱ्यांदा थापटायच्या आधीच त्यांनी हात सोडला होता.