जाऊबाईंचा मुख्य मुद्दा

माझी धाकटी जाऊ अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला परदेशात नोकरी मिळण्यासारखी होती, अडलं होतं फक्त इंग्रजीच्या परीक्षेपाशी. बाकी सगळं तिला जमायचं. उताऱ्यातला मुख्य मुद्दा काही सापडायचा नाही. मी गावात इंग्रजीचे क्लास घेते, म्हणजे मुलं येतात आणि मी फळ्याशी बोलते. तेव्हा घरच्या विद्यार्थिनीची जबाबदारी माझ्यावरच आली.

उतारा होता कांदळवनाबद्दल. ही झाडं लाटा अडवतात आणि किनारा राखतात, हे पहिल्याच वाक्यात लिहिलेलं. जाऊबाईंनी खूण केली शेवटच्या वाक्यावर: तिथे खेकडेही राहतात.

"अगं, खेकडे मुख्य कसे?"

"ताई, शेवटी सांगितलंय म्हणजे तेच सांगायचं असणार."

तिचं तरी काय चुकलं? आमच्या चौलला माणूस येतो, नारळाचा भाव सांगतो, गुडघ्याचं दुखणं सांगतो, दोन चहा पितो आणि चप्पल घालता घालता म्हणतो, मुलीचं लग्न मोडलं. पहिल्या वाक्यात मुद्दा सांगणाऱ्याला आम्ही उद्धट समजतो.

मी उदाहरण घेतलं मांडवाचं. मुख्य मुद्दा म्हणजे मुहूर्तमेढ आणि बाकीचे खांब म्हणजे तिला आधार देणारे मुद्दे.

"पण मांडव तर बाकीच्या खांबांवरच उभा असतो ना? मेढ नुसती पुजायची."

वीस वर्षं शिकवतेय, पण हे उदाहरण त्या दिवसापासून मी बंद केलं.

महिनाभरात मात्र तिला जमायला लागलं. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे काढलं तर उतारा उभा राहतो का? ती दवाखान्यातले कागद, गॅसच्या शेगडीवरच्या सूचना, काहीही घेऊन बसायची आणि वाक्यं काढून बघायची. मला अभिमान वाटत होता. शिकवलेलं घरातच वापरलं जाईल, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंना नोकरीचं सांगितलं ते एका रविवारी, जेवणं झाल्यावर. दीर ट्रेलर चालवतात, रविवारीच घरी असतात. पुढे मुलीला घेऊन तेही तिकडे जाणार होते. सासूबाईंनी सुपारी सोलणं थांबवलं नाही.

"बरं हाय की. पण पावसाळा तोंडावर आलाय. पंप बिघडलाय. पोरीचे दात पडतायत, तिथं काय खाईल ती? आन् थंडी म्हणे लई असते."

दीर मोबाइलमध्ये बघत होते. आमच्या ह्यांना एकदम झोप आली. हे चालू राहिलं असतं, सगळे "बघू" म्हणाले असते आणि परीक्षेची तारीख निघून गेली असती. आमच्या घरात नकार असाच देतात.

पण जाऊबाई म्हणाल्या, "आई, पंप दुरुस्त होईल. दात पुन्हा येतील. थंडीला स्वेटर आहे. हे सगळं काढून टाकलं तर काय उरतं, ते सांगा ना."

सासूशी असं बोलायला मी नव्हतं शिकवलं. की शिकवलं होतं?

सासूबाईंनी सुपारी खाली ठेवली.

"तुमी गेलात तर परत यायचे न्हाय." मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "येशील?"

एवढ्या वर्षांत या बाईंना इतकं थोडक्यात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

जाऊ गडबडली. "आई, वर्षातून एकदा रजा असते. आणि व्हिडिओवर रोज दिसूच की. शिवाय तिकडच्या शाळा चांगल्या असतात, हिचं शिक्षण झालं की मग... तुम्हालाही नेऊ ना फिरायला."

ती बोलतच राहिली. दिरांनी मोबाइल उलटा ठेवला. एकेक वाक्य खरं होतं, प्रेमाचं होतं, आणि ज्याला आधार द्यायला ती सगळी वाक्यं उभी होती, ते वाक्य तिच्या तोंडून येत नव्हतं. मग तिचे डोळे भरले आणि ती भांडी घासायला उठून गेली.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू मास्तरीन हायस. ती काय म्हनली, सांग मला."

मला कळलं होतं. माझं पोट मुद्दा शोधण्यावरच चालतं.

"आई," मी म्हटलं, "परीक्षा फार कठीण असते. पहिल्या वेळेला सगळे पास होतातच असं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "हुशार हाय पोर. व्हईल पास."

आणि त्यांनी पुढची सुपारी उचलली.