शेजारच्या बोटीवरचे काका

हिवाळाभर मी सिएटलच्या बंदरात बोटीवर राहिले. शेजारच्या बोटीवर एक रिटायर्ड मराठी डॉक्टर होते. मफलर गुंडाळून ते रोज माझ्या चुका काढायचे. निघायच्या दिवशी मी ठणकावलं, "काका, आज मदत नको. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी, तीही इंजिनिअर!"

दोर सोडले, इंजिन चालू केलं, ऐटीत हात हलवला. बोट जरा सरकली आणि अडकलीच. धक्क्यावरून बोटीला वीज देणारी केबल काढायची राहिली होती.

"दिसत होतं तर बोलायचं ना, काका!"

"करंट मघाशीच बंद केलाय, इंजिनिअरबाई. पण केबलचं मी कुणालाच सांगत नाही. तेवढ्यासाठी तरी जाणारा मागे वळून बघतो."

मी इंजिन बंद केलं. निघाले ते दुसऱ्या दिवशी, केबल काकांकडूनच काढून घेऊन.