भरलेली डबी

माझा भाऊ गेल्यापासून मी रोज संध्याकाळी वहिनींकडे मालिका बघायला जाते. मालिका चालू असताना बोलायचं नाही, जे बोलायचं ते जाहिरातीत, हा त्यांचा नियम. गेल्या शनिवारी नायिकेने दारात आलेल्या मैत्रिणीला हाकलून दिलं, आतून कडी लावली आणि दारूची बाटली उघडली.

"मर मेले अशीच! कुणाचं म्हणून ऐकायचं नाही," वहिनी पडद्यावर खेकसल्या.

जाहिरात लागली म्हणून मी पाणी प्यायला आत गेले. फ्रिजवर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी होती. मीच दर रविवारी वारांप्रमाणे भरून देते. सातही कप्पे जसेच्या तसे भरलेले होते. मालिकेत बाई स्वतःचा नाश करते तेव्हा काचा फुटतात, संगीत वाजतं, सगळ्यांना कळतं. इथे ओटा लख्ख होता आणि भांडी पालथी घातलेली होती. डबी घेऊन मी बाहेर टीव्हीसमोर येऊन उभी राहिले.

"वहिनी, आठवडाभर गोळ्या घेतल्या नाहीत?"

"कुणासाठी घ्यायच्या, वन्सं? सरका बाजूला, सुरू झालं."

मी टीव्हीच बंद केला. त्या चिडतील, निदान ओरडतील, असं मला वाटलं होतं. त्या काळ्या पडद्याकडे तशाच बघत राहिल्या.