बारावं कार्ड

भाऊजी,

नमस्कार लिहीत नाही. खोटं टाइप करू नये, हे तुम्हीच शिकवलंत. विद्यालयाला स्मरणिकेसाठी तुमच्यावर माझे चार शब्द हवेत. मथळा त्यांनी आधीच ठरवलाय, ‘कनवाळू विद्वान’. विद्वान होतात, मान्य. कनवाळू? वाचून मला ठसका लागला.

एवढं टाइप झालं आणि बाईंची बोटं थांबली. कपातला चहा गार झाला होता. डोक्यातलं मात्र काही थांबेना.

भाऊजी म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धर्मविद्यालयात ग्रीक शिकवायचे आणि बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक क्रियापदांचा कोश करायचे. कोशाची रीत त्यांनीच घालून दिलेली. शब्द जिथे जिथे आला, त्या प्रत्येक जागेचं एक कार्ड. त्यावर मागेपुढे काय घडतं ते टिपायचं. सगळी कार्डं टेबलावर मांडल्याशिवाय अर्थाची ओळ लिहायची नाही. शिवाय एकदा केलेलं कार्ड पुन्हा करायचं नाही, नाहीतर मोजणीचा घोळ होतो. बाई बी.ए. झालेल्या, टायपिंगला चलाख. म्हणून बोटं त्यांची झिजायची आणि नाव भाऊजींचं व्हायचं.

त्या आठवड्यात ‘स्प्लांख्निझोमाय’ चाललं होतं. मूळ आतड्याचा शब्द. नव्या करारात हे क्रियापद बाराच ठिकाणी येतं, तेही पहिल्या तीन शुभवर्तमानांतच.

“अर्थ ‘अनुकंपा वाटणे’ असा होणार, हे आत्ताच सांगून ठेवतो,” भाऊजी म्हणाले.

“अनुकंपा सरकारी अर्जात असते,” बाई फणकारल्या. “माणसाचं आतडं तुटतं. तेच लिहा की सरळ.”

“हा कोश आहे मेव्हणीबाई, तुमचा स्वयंपाकघरातला गप्पांचा अड्डा नाही.” मग चष्मा पुसत स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, “पण गंमत पाहिलीस का? जो कोणी कळवळला, तो लगेच काहीतरी करतो. हात पुढे करतो, जेवू घालतो, जखम बांधतो, म्हातारा बाप असून धावत सुटतो. नुसताच कळवळून बसून राहिला, असं एकही कार्ड नाही.”

बारावं कार्ड मशीनवर चढलं होतं. आजारी मुलाचा बाप विनवतो, ‘आमचा कळवळा येऊ द्या, मदतीला या,’ ती जागा. तेवढ्यात ग्रंथपाल दारात आले. “सर, दवाखान्यातून फोन. दोघांनी लगेच या म्हणतात.”

ताई तीन आठवडे दवाखान्यात होती. याआधी दोनदा असाच फोन आला होता आणि दोन्ही वेळा ही उठून बसलेली, वर “घाबरलात ना!” म्हणून हसलेली. तरी बाई उठल्या. भाऊजींनी मान वर केली नाही.

“अकरा झालीत. हे एवढं पुरं कर, मग निघू. पाच मिनिटं.”

आणि बाई बसल्या. हा घास अजून गिळला जात नाही. भाऊजींवरचा राग सोपा होता. पण त्या बसल्या, आणि कार्डावर एकही चूक केली नाही.

दोघं पोचली तेव्हा परिचारिका चादर बदलत होती. “आत्ताच गेल्या हो. दाराकडेच बघत होत्या.”

बारावं कार्ड बाईंच्या पर्समध्ये होतं. त्यांनी ते परत केलं नाही आणि विद्यालयाची पायरीही पुन्हा चढल्या नाहीत. तिकडे काम अकरावर अडलं. दर दोन-चार महिन्यांनी चिठ्ठी यायची, ‘क्र. १२ सापडत नाही. तुझ्या कागदांत पाहावे व आणून द्यावे.’ नात्यातल्या लग्नकार्यात गाठ पडली, की ताटावरूनच विचारायचे, “सापडलं का?” बाई म्हणायच्या, “बघते.” असं सोळा वर्षं चाललं.

“सर, पाच मिनिटांचं काम आहे. नवीन करून टाका ना,” ग्रंथपालांनी एकदा सुचवलंही होतं. भाऊजी खेकसले, “नवीन नको. तिच्याकडेच आहे ते. तिलाच आणू दे.”

हे ग्रंथपालांनी बाईंना भाऊजींच्या अंत्यविधीच्या दिवशी सांगितलं. “चार वाजले, तुमची यायची वेळ झाली, की दाराकडे बघत बसायचे हो.”

“बघू देत,” बाई म्हणाल्या. “ताईनं नाही का बघितलं?”



शेवटची चिठ्ठी मात्र ग्रंथपालांना ठाऊक नव्हती. ती भाऊजी जायच्या नऊ दिवस आधी आली होती. अक्षर पार लुळं पडलेलं. ‘कार्ड घेऊन ये. अर्थाची ओळ तू लिही, तुझ्या शब्दांत.’ बाईंनी चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. ‘चुकलो’ कुठेच नव्हतं. कार्ड पर्समध्ये टाकून त्या चपला घालून दारापर्यंत गेल्या. बसचे तीन थांबे, पुढे थोडा चढ. एवढं तर जाता आलं असतं. त्यांनी चपला काढल्या. म्हटलं, उद्या बघू.

कार्ड अजून पर्समध्येच आहे.