चार वाजता आणतोय

शिंपीमास्तरांच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलेलं होतं, "झालंच समजा." कापड पिशवीतून बाहेर आलेलं नसायचं, माप घेतलेलं नसायचं, तरी झालंच समजा. स्वतःचं दुकान होतं तेव्हा एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांनी हे वाक्य ऐकलं आणि हेलपाटे घातले. मास्तर लबाड नव्हते. समोरच्याचा चेहरा पडू नये एवढंच त्यांना वाटायचं. बायको म्हणायची, "तुमची कामं सुरू व्हायच्या आधीच संपलेली असतात. मग दिवसभर करता काय?"

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकानाला कुलूप लागलं, आणि ऐन पन्नाशीत मास्तरांना एका मोठ्या हॉटेलात नोकरी मिळाली. तळघरातली खोली, दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, नंबर घातलेल्या गणवेशांची लांबलचक दांडी आणि भिंतीवर फोन. वेटरांची बटणं लावायची, पडद्यांना शिलाई मारायची, आणि पाहुण्यांपैकी कुणाचं काही उसवलं तर तेही बघायचं. पाहुण्यांशी मात्र इंग्रजीतच बोलायचं. मास्तरांकडे इंग्रजीचं भांडवल एका वाक्याचं होतं, "आय विल डू, मॅडम." त्यांच्या लेखी हे झालंच समजाचं भाषांतर.

तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी मार खाल्ला. एका पाहुणीचा स्कर्ट कंबरेला सैल होत होता, तिला तो चारला हवा होता. मास्तर फोनवर दोनदा "आय विल डू" म्हणाले आणि हातातल्या चाळीस एप्रनांकडे वळले. चारला ती स्वतः खाली आली तेव्हा स्कर्ट ढिगाखाली तसाच पडलेला. ती चिडली नाही, नुसती घड्याळाकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी मॅनेजरनं बोलावून शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर यायची तसदी घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉटेलच्या ऑपरेटरबाई डबा घेऊन तळघरात उतरल्या. सव्वीस वर्षं फोन जोडून जोडून त्यांची मान एका बाजूला कललेली. कालचा फोन त्यांनीच जोडला होता. स्टूल ओढून बसत त्या म्हणाल्या, की मास्तर तुम्ही, पण शिकवायची पाळी माझ्यावर दिसतेय.

पुढची गोष्ट इंग्रजीत चार तऱ्हेनं सांगतात, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. उद्याचं काम ते उद्याचं काम, त्याला चार तऱ्हेनं कशाला बोलायचं? बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "तुमचा मेव्हणा जेवायला 'येईन' म्हणाला तर वहिनी त्याचं ताट घेतात का?"

मास्तर हसले. "छे! 'येईन' म्हणाला की तो येतोय कुठला."

"आणि 'येतोय' म्हणाला तर?"

"मग घेते की."

"मग झालं तर. इंग्रजीतही तेच आहे."

मास्तरांचा घास हातातच राहिला. बाई सांगत गेल्या. 'आय विल' म्हणजे आत्ता मनात आलं. शब्द द्यायलाही तेच वापरतात, पण शब्द देताना माणूस घड्याळाकडे बघतोच असं नाही. आधीपासून मनात धरलेलं असेल तर 'गोइंग टू'. शिवण ताणली गेलीय, आता उसवणार असं डोळ्यांना दिसतंय, तिथंही 'गोइंग टू'च. दोघांमध्ये वेळ पक्की ठरली असेल तर 'आय ॲम ब्रिंगिंग इट ॲट फोर', चार वाजता आणतोय. आणि गाडी सहाला सुटते, तशी वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ. 'द बस लीव्ज ॲट सिक्स.' तिला तुमच्या मर्जीशी देणंघेणं नाही.

एवढं एका बैठकीत डोक्यात शिरतं होय? त्यानंतर जवळजवळ वर्षभर बाई दुपारी वरून फोन करायच्या, कधी बटण तुटलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढून, कधी घाईत असलेल्या नवरीचा. मास्तर चुकले की फोन ठेवून द्यायच्या आणि पुन्हा लावायच्या. एकदा मास्तरांनी खऱ्याच पाहुण्याला "बाई, पुरे आता" म्हणून टाकलं. पण हळूहळू एक सवय लागली. उत्तर देण्याआधी मास्तर दांडीकडे बघायला लागले, मग घड्याळाकडे. 'ॲम ब्रिंगिंग' म्हणायचं तर वेळ सांगावी लागते, आणि वेळ सांगायची तर हातातलं काम मोजावं लागतं. ते घरीही वेळेवर यायला लागले, तेव्हा बायकोनं तब्येत बरी आहे ना विचारलं.

मग ती व्हायोलिनवाली आली. संध्याकाळी तिचा कार्यक्रम, आणि सकाळी काळ्या झग्याची चेन तुटली. फोनवर तिचा आवाज कापत होता. मास्तर म्हणाले, "आय विल सी." बघतो, एवढंच. झगा खाली आला, चेनचे दात गेलेले होते. तशीच चेन त्यांच्या डब्यात सापडली, पण अस्तर उसवून पुन्हा घालावं लागणार होतं. घड्याळ बघून त्यांनी वर फोन केला. "आय ॲम चेंजिंग द झिप. आय ॲम ब्रिंगिंग इट ॲट फोर." पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

चारला दहा कमी असताना लिफ्ट सामानानं अडली होती. मास्तर झगा दोन्ही हातांवर घेऊन पाच मजले जिन्यानं चढले. तिनं दार उघडलं, झगा अंगाशी धरला आणि त्यांचे हात हातात घेतले. जाताना तिनं लिहून ठेवलेली चिठ्ठी बाईंनी फोनवर वाचून, अर्थ सांगून ऐकवली: त्यांनी वेळ सांगितली, म्हणून मी दुपारी तासभर झोपू शकले.

फोन ठेवून मास्तर मशीनकडे वळले. एकोणीस वर्षांत किती जणांची दुपारची झोप आपण घालवली असेल, असं त्यांना वाटलं. आणि वरच्या त्या कललेल्या मानेच्या बाईबद्दल मन भरून आलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात छोटा समारंभ झाला. मॅनेजरनं मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि इंग्रजीत दोनच वाक्यं बोलले, की बाई शुक्रवारी जातायत, आणि मला त्यांची फार आठवण येणार आहे. दोन्ही क्रियापदं जागच्या जागी होती. बाईंनी मान डोलावली, चष्मा काढून पुसला.

नंतर चहा घेताना मास्तरांनी विचारलं, की बाई, वर्षभर स्वतःची जेवणाची सुट्टी माझ्यावर का घालवलीत?

बाई म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं मी वाट बघणाऱ्यांचे आवाज ऐकलेत, मास्तर. एकाचं तरी वाट बघणं कमी करता आलं, तर बरं वाटतं."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर आणि त्यांची बायको बाईंच्या घरी जातात. मास्तर खिडकीजवळ बसून काहीबाही शिवतात, बाई आणि बायको मनसोक्त बोलत बसतात, आणि बऱ्याचदा बोलणं मास्तरांबद्दलच असतं.